जनरलसाहेबांचं पिस्तूल: कोल्ट १९०३ आणि बाकीची मंडळी

बारूदखाना

तलवारींच्या धाग्यावर विषय भरकटत पिस्तुलांवर गेला आणि वेगळा धागा काढा असं दोघातिघांनी सुचवलं, म्हणून हा काढतोय. विषय मुख्यतः एकच पिस्तूल, कोल्ट कंपनीचं १९०३ चं पॉकेट मॉडेल. बाकी गाडी कुठे जाईल ते तुमच्यावर.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. डिझाइन जॉन ब्राउनिंगचं, म्हणजे ज्याने पुढे १९११ चं ते प्रसिद्ध .४५ काढलं तोच. १९०३ ला हे .३२ बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) आलं आणि १९०८ ला अगदी तसंच दिसणारं .३८० मध्ये. .३२ च्या मॅगझिनमध्ये आठ गोळ्या बसतात, .३८० च्यात सात. वजन साधारण ६८० ग्रॅम. घोडा आहे पण स्लाइडच्या आत झाकलेला, बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कोटाच्या खिशातून काढताना कुठे अडकत नाही. चपटं, गुळगुळीत, आणि माझ्या मते आजवर झालेल्या देखण्या पिस्तुलांपैकी एक (भांडायचं असेल तर भांडा). नुसत्या .३२ चीच साडेपाच लाखांच्या वर बनली, १९४५ पर्यंत, त्यामुळे पिस्तूल म्हणून ते काही दुर्मिळ नाही. बँकेच्या कॅशियरपासून गुंडांपर्यंत सगळ्यांकडे असायचं, १९३४ ला शिकागोत थिएटरबाहेर बँका लुटणारा डिलिंजर मारला गेला तेव्हा त्याच्याकडेही याच घरातलं .३८० होतं.

आता जनरल लोक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आर्मीने ही पिस्तुलं विकत घेतली आणि जनरल रँकच्या अधिकाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. म्हणजे पहिला स्टार लागला की सरकारकडून हे पिस्तूल, सोबत चामड्याचा पट्टा आणि होल्स्टर. मार्शल, आयझेनहॉवर, ब्रॅडली, पॅटन, सगळ्यांना मिळालं. ही पद्धत कोरिया, व्हिएतनाम करत १९७० च्या दशकापर्यंत चालली आणि कोल्टचा साठा संपत आल्यावर १९७२ पासून रॉक आयलंड आर्सेनलने जुनी .४५ कापून छोटी केली, त्याला एम-१५ म्हणतात, जेमतेम हजारभर झाली असतील, मुठीवर जनरलचं नाव घालायला पितळी पट्टी. रिटायर होताना साहेबांना आपलं पिस्तूल घरी न्यायची सोय होती, म्हणूनच आज ती बाजारात दिसतात, नाहीतर सरकारी वस्तू बाहेर येते कशाला.

मला जे म्हणायचंय ते असं की जनरलच्या कमरेचं पिस्तूल गोळी झाडायला नसतंच. साहेबाने पिस्तूल उपसलं म्हणजे आधीच दहा गोष्टी बिघडलेल्या असतात. ते खांद्यावरच्या स्टारसारखं आहे, फक्त कमरेला. आणि त्यामुळेच कलेक्टर लोक पैसे लोखंडाचे देत नाहीत, ते कुणाच्या कमरेला होतं त्याचे देतात. तेच मॉडेल, तोच शिक्का, एकाबरोबर कागद आहेत आणि एकाबरोबर नाहीत, किमतीत जमीन अस्मानाचा फरक.

डॉ_खवचट

छान माहिती. पण साहेब, म्हणजे लोक लाखो रुपये एका कागदाला देतात आणि सोबत पिस्तूल फुकट मिळतं असंच ना?

बारूदखाना

@डॉ_खवचट, हो, बरोबर असंच. :)

सॅनहोजेकर

वा, माझ्या आवडीचा धागा. मी इकडे गन शोला जातो (विकत घ्यायला नाही, बायको घरात घेणार नाही, पिस्तुलालाही आणि मलाही) त्यामुळे थोडी भर घालतो.

या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त खोटेपणा शिक्क्यात चालतो. सरकारी कोल्टवर फ्रेमच्या उजव्या बाजूला ‘यू. एस. प्रॉपर्टी’ असं ठोकलेलं असतं. साध्या दुकानी कोल्टवर कुणी नंतर तोच ठसा मारला की झालं मिलिटरी. अनुभवी माणूस भिंगाने बघतो, मूळ ठसा फिनिशच्या आधी मारलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या खाचेतही तेच फिनिश उतरतं, नंतर मारलेल्या ठशात खाच चकाकते किंवा कडेचं लोखंड वर उचललेलं दिसतं. लवकरची सरकारी पिस्तुलं निळ्या-काळ्या पॉलिशमधली, नंतरची राखाडी पार्कराइज्ड (गंज न लागायला केलेला मॅट मुलामा). आणि कुणी हौसेने परत पॉलिश करून चकचकीत केलं असेल तर किंमत तिथेच मेली. आपल्याकडे लोक जुनी पितळी भांडी चिंचेने घासून लखलखीत करतात ना, तसा प्रकार इथे करायचा नाही.

शिवाय एक महत्त्वाची गोष्ट, हा शिक्का म्हणजे जनरलचंच असं नाही. ओएसएस म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या गुप्तहेर खात्यालाही हीच पिस्तुलं दिली होती. शिक्का असलेली बरीच, त्यातली जनरल लोकांची थोडी. मग नंबर कामाला येतो. कोल्टच्या आर्काइव्हला नंबर आणि फी दिली की ते पत्र देतात, हे पिस्तूल अमुक तारखेला कारखान्यातून निघालं आणि अमुक ठिकाणी पाठवलं. पण त्यातही पाठवलं सरकारी डेपोला एवढंच कळतं, डेपोतून कुठल्या साहेबाला गेलं ते कोल्टला काय माहीत. त्याला आर्मीची पावती लागते, साहेबाने सही केलेली. ती पावती घरच्यांनी जपली असेल तर लॉटरी. मुलांनी पिस्तूल ठेवलं आणि कागद रद्दीत घातले अशा गोष्टी इकडे ऐकायला मिळतात, ऐकून पोटात दुखतं.

कोल्हापुरी_चप्पल

पॅटनचं ते मोत्याच्या मुठीचं पिस्तूल हेच का?

बारूदखाना

@कोल्हापुरी_चप्पल, नाही. आणि मोत्याचं म्हटलेलं पॅटनला अजिबात खपायचं नाही, मूठ हस्तिदंताची होती आणि तो ते चारचौघात ठणकावून सांगायचा. ते पिस्तूल नव्हेच, कोल्टचं .४५ चं रिव्हॉल्व्हर, काउबॉय लोकांचं असतं तसलं, सिंगल अ‍ॅक्शन, दर गोळीला घोडा हाताने मागे ओढायचा. १९१६ ला टेक्सासात एल पासोला असताना घेतलं. त्याच वर्षी जनरल पर्शिंगच्या हाताखाली मेक्सिकोत बंडखोर पांचो व्हियाच्या मागावर असताना मे महिन्यात एका रँचवर चकमक झाली, व्हियाचा एक अधिकारी हुलियो कार्डेनास आणि दोघे मारले गेले, तेव्हा पॅटन लेफ्टनंट होता आणि हे रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात होतं. मुठीवर नंतर खाचा पाडल्या होत्या. त्या चकमकीत परत गोळ्या भरायला किती वेळ जातो ते कळलं आणि म्हणून पुढे दोन बाळगायला लागला असं म्हणतात. दुसरं स्मिथ अँड वेसनचं .३५७ मॅग्नम, १९३५ चं.

म्हणजे बघा, हे रिव्हॉल्व्हर खरोखर वापरलेलं आहे, पण लेफ्टनंट असताना. जनरल झाल्यावर ते फोटोसाठी. माणूस नाटकी होता, सैनिकांना आपला जनरल लांबून ओळखू आला पाहिजे असं त्याचं गणित होतं, आणि जमलं ते त्याला. दोन्ही आता केंटकीत फोर्ट नॉक्सच्या म्युझियमशी जोडलेली आहेत, विकायला येणार नाहीत.

माई_साहेब

मला शस्त्रांतलं ओ की ठो कळत नाही पण धागा वाचतेय. जनरलने पिस्तूल खरंच काढलं आणि काही झालं असं उदाहरण आहे का कुठे?

बारूदखाना

@माई_साहेब, आहे, पण चांगलं नाही. मेजर जनरल मॉरिस रोझ, ३ ऱ्या आर्मर्ड डिव्हिजनचे. ३० मार्च १९४५, जर्मनीत पाडरबोर्नजवळ अंधारात त्यांची जीप जर्मन रणगाड्यांच्या मधोमध सापडली. एक रणगाडा अगदी अंगावर येऊन थांबला, वरचा जर्मन मशीन पिस्तूल रोखून ओरडायला लागला. रोझ पिस्तुलाकडे हात नेत होते, बहुतेक पट्टा सोडून टाकायला, शरण यायला, पण वरच्याला वाटलं उपसतायत, आणि त्याने गोळ्या घातल्या. युरोपच्या लढाईत शत्रूच्या गोळीने मेलेले सगळ्यात वरिष्ठ अमेरिकन अधिकारी. कमरेला काही नसतं तर कदाचित वाचले असते.

फौजी_नाना

नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, या विषयावर मात्र राहवलं नाही.

अमेरिकेचं सगळं ठीक, पण आपल्याकडचं सगळ्यात मोठं जनरलचं शस्त्र कुणी काढलंच नाही अजून. १६ डिसेंबर १९७१, ढाका, रमणा रेसकोर्स. पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी आपले लेफ्टनंट जनरल जगजीतसिंग अरोरा यांच्यासमोर सही केली, खांद्यावरचं बॅज काढलं, आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून अरोरासाहेबांच्या हातात दिलं. डोळ्यात पाणी होतं म्हणतात. त्र्याण्णव हजार युद्धकैदी. ते रिव्हॉल्व्हर डेहराडूनला आयएमएच्या (इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या) म्युझियममध्ये ठेवलंय. असल्या वस्तूला लिलावात काय किंमत करणार तुम्ही?

आणि आधीची गंमत ऐका. जेकबसाहेब, इस्टर्न कमांडचे चीफ ऑफ स्टाफ (हेच पुढे १९९८-९९ ला गोव्याचे राज्यपाल होते, गोवेकरांना आठवत असतील), ते त्याच दिवशी पुढे जाऊन नियाझींशी बोलणी करत होते. समारंभात काय काय होणार ते ठरवताना त्यांनी तलवार मागितली, जुनी रीत, हरलेला सेनापती तलवार देतो. नियाझी म्हणाले माझ्याकडे तलवार नाही. मग जेकब म्हणाले पिस्तूल द्या. असं ते रिव्हॉल्व्हर त्या टेबलावर आलं.

डॉ_खवचट

नाना, आदर ठेवून विचारतो, पण जेकबसाहेबांनीच नंतर त्या रिव्हॉल्व्हरबद्दल काय लिहून ठेवलंय ते का नाही सांगितलंत? ते त्यांनी नंतर हातात घेऊन तपासलं. साधं आर्मीचं .३८, नळी घाणीने चोंदलेली, कित्येक दिवस साफ केलेली नाही, रिव्हॉल्व्हर अडकवायची दोरी मळकट आणि ठिकठिकाणी विरलेली. हे एका कमांडिंग जनरलचं स्वतःचं शस्त्र असूच शकत नाही, बहुतेक मिलिटरी पोलिसातल्या कुणाचं तरी घेऊन कमरेला लावलं असावं असं त्यांचं मत. म्हणजे वरच्या धाग्याच्या हिशेबाने, कागद नाही, मालक चुकीचा, कंडिशन भिकार. सॅनहोजेकरांच्या गन शोमध्ये टेबलावरसुद्धा ठेवू देणार नाहीत.

फौजी_नाना

लिहिलंय ते माहीत आहे मला. मुद्दाम नाही सांगितलं, म्हटलं बघू कोण काढतंय.

सॅनहोजेकर

हाहाहा नाना __/\__

पण डॉक्टर, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. कागद कशासाठी लागतो, वस्तू त्या माणसाच्या हातात होती हे सिद्ध करायला. इथे ती हातात होती हे फोटोवाल्यांनी, फिल्मवाल्यांनी आणि मैदानावरच्या हजारो बंगाली लोकांनी बघितलं. रोज कुणाच्या कमरेला असायचं हा प्रश्न वेगळा. त्या पाच मिनिटांपुरतं ते नियाझींचं होतं आणि त्याला किंमत आहे ती त्याच पाच मिनिटांची.

डॉ_खवचट

मग जनरलने बाळगलेलं असं म्हणू नका, जनरलने दिलेलं म्हणा. धाग्याचा विषय बाळगलेलं आहे.

बारूदखाना

मी दोघांच्या मधे पडतो. मला तर ते घाणेरडं रिव्हॉल्व्हर असल्यामुळेच जास्त भारी वाटतं. विचार करा, नियाझी काही ऐरागैरा नव्हता, ब्रिटिशांच्या काळात ब्रह्मदेशात लढून मिलिटरी क्रॉस मिळवलेला माणूस, टायगर म्हणवून घ्यायचा. त्याने आपलं खरं शस्त्र अरोरांच्या हातात पडू नये म्हणून कुणाचं तरी उचललं असेल तर ती त्याच्यापुरती शेवटची लबाडी, शेवटचा हट्ट म्हणा हवं तर. आणि घाईत जे मिळालं ते लावलं असेल तर शेवटच्या दिवसांत ढाक्यात काय हालत होती ते त्या चोंदलेल्या नळीवरून कळतं. दोन्ही बाजूंनी त्यात माहिती आहे. चकचकीत, वापरलेलं नाही अशा कोल्टमध्ये काय कळतं, साहेब ऑफिसात बसायचे एवढंच.

तुलनेला हिटलरचा हवाई दलप्रमुख गोअरिंग घ्या. इतका नटवा माणूस, सोन्याच्या मुलाम्याची पिस्तुलं होती त्याच्याकडे, आणि मे १९४५ ला अमेरिकनांना शरण आला तेव्हा दिलं काय तर स्मिथ अँड वेसनचं साधं .३८ रिव्हॉल्व्हर, अमेरिकन बनावटीचं. ते वेस्ट पॉइंटच्या म्युझियममध्ये आहे.

अनामिक_मावळा

लिलावाच्या किमती टाका की राव कुणीतरी. गोष्टी खूप झाल्या.

सॅनहोजेकर

घ्या. खात्रीच्या तेवढ्याच देतो. जॉर्ज वॉशिंग्टनची खोगिराची जोडपिस्तुलं, फ्रेंच सेनानी लाफायेतने भेट दिलेली, २००२ ला न्यूयॉर्कमध्ये जवळपास वीस लाख डॉलर. जनरल ग्रँटला यादवी युद्धात भेट मिळालेली रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरची जोडी, हस्तिदंती मुठीवर ग्रँटचाच चेहरा कोरलेला, २०२२ ला ५१ लाख ७० हजार डॉलर. नेपोलियनची जोडी २०२४ ला फ्रान्समध्ये सुमारे सतरा लाख युरो. १८१४ ला राज्य गेल्यावर तो म्हणे याच पिस्तुलांनी जीव देणार होता, पण जवळच्यांनी दारू काढून ठेवली, मग त्याने विष घेतलं, तेही लागू पडलं नाही, आणि नंतर ही जोडी त्याने ज्याने साथ दिली त्या कोलँकूरला देऊन टाकली. लिलावाच्या आधीच फ्रान्स सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली, म्हणजे विकत घेणाऱ्याला कायमची देशाबाहेर नेता येणार नाही.

गंमत बघा, तिन्हीमध्ये कुणी कुणाला दिली त्याचा कागद पक्का आहे. परत तेच.

आणि आपल्या मूळ १९०३ कोल्टशी संबंधित एक जनरल राहिलाच, जपानचा युद्धकाळातला पंतप्रधान तोजो. ११ सप्टेंबर १९४५ ला अमेरिकन सैनिक घराबाहेर आले तेव्हा त्याने छातीत गोळी मारून घेतली, कोल्टच होतं, .३२. हृदय चुकलं, अमेरिकन डॉक्टरांनीच वाचवलं, आणि मग खटला चालवून १९४८ च्या डिसेंबरात फाशी.

कोल्हापुरी_चप्पल

बाबो. म्हणजे या धाग्यात एकाही जनरलचं पिस्तूल धड उपयोगाला आलेलं नाही. रोझ, नेपोलियन, तोजो, नियाझी, सगळ्यांचा बट्ट्याबोळ.

फौजी_नाना

उपयोगाला यायला लेफ्टनंट लागतो. पॅटनचं वर वाचलं नाहीत का.

माई_साहेब

आता माझा स्वार्थी प्रश्न. माझे आजेसासरे इंदूर संस्थानात नोकरीला होते, त्यांचं एक कोल्ट .३२ आमच्याकडे आहे म्हणजे होतं, सासरे गेल्यावर दिरांनी ते रीतसर परवानाधारक डीलरकडे जमा करून ठेवलंय. यजमानांनी हा धागा वाचल्यापासून धोशा लावलाय की ते कुठल्यातरी अमेरिकन जनरलचंच असणार, युद्धात भारतात आले होते म्हणे. शक्य आहे का हे?

बारूदखाना

माई, अगदीच अशक्य नाही. अमेरिकन होते भारतात, ओएसएसच्या डिटॅचमेंट १०१ चा तळ आसामात नाझिराला होता आणि तिथून ब्रह्मदेशात माणसं सोडायचे. पण संस्थानी अधिकाऱ्यांकडची, जमीनदारांकडची बहुतेक कोल्ट सरळ दुकानातून घेतलेली. कलकत्त्या-मुंबईच्या बंदूकवाल्यांकडे मिळायची.

आणि आपल्याकडे त्याची किंमत जनरलमुळे नाहीच, कायद्यामुळे आहे. ९ एमएम, .३८, .४५५ असली लष्करी बोअरं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, .३२ मिळतं. १९८० च्या दशकात बाहेरून आणणं बंद झालं, मग जे जुने कोल्ट आणि वेब्ली देशात आहेत तेवढेच हातोहात फिरतात आणि भाव चढतो. अमेरिकेत जे पिस्तूल साधा मेकॅनिक विकत घेतो ते इथे लाखांत जातं.

सॅनहोजेकर

माई, उजवीकडे शिक्का आहे का ते बघायला सांगा. नाहीतर परवान्याच्या जुन्या वहीत नंबर असेलच. इथे टाकू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नंबरवरून वर्ष लगेच निघतं.

फौजी_नाना

शिक्का नंतर. वहिनी, डीलरकडे ठेवलंय ते उत्तम केलंत, पण वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज केलाय का? शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात कलेक्टर. जुना परवाना, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची ना हरकत. आणि घरात आधीच दोन असतील तर तिसरं चालणार नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच. काडतुसं डीलरकडे मिळतील, बुडावर केएफ लिहिलेली दिसली तर ती खडकीच्या कारखान्याची, म्हणजे पुण्याचीच.

डॉ_खवचट

नाना असताना गुगल कशाला.

माई_साहेब

दिरांशी बोलले. अर्ज केलेला नाही!! या आठवड्यात करतायत, तुमची यादी त्यांना पाठवली नाना, खूप आभार.

नंबर सॅनहोजेकरांना पाठवला होता, त्यांचं उत्तर आलं. १९२० च्या आसपासचं आहे, म्हणजे अमेरिकन आर्मीने ही पिस्तुलं घेण्याच्या कितीतरी आधीचं. शिक्काही नाही. यजमान सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीयेत.

कोल्हापुरी_चप्पल

सांगा त्यांना, कागद तरी पक्के आहेत. इंदूर संस्थानचा पहिला परवाना मिळाला तर स्कॅन टाका, तो बघायला आवडेल.